दोन लहरींतून तिसरी: सिग्नलमधली अरेषीय नाती कशी शोधतात

नवजात बाळाला ऐकू येतं का, हे त्याला विचारून कळत नाही. म्हणून श्रवणतपासणीच्या एका पद्धतीत बाळाच्या कानात छोटा प्रोब बसवतात. त्यात दोन बारीक स्पीकर असतात आणि एक मायक्रोफोन. समजा एक स्पीकर २००० हर्ट्झचा सूर वाजवतो आणि दुसरा २४०० हर्ट्झचा. कान निरोगी असेल तर मायक्रोफोनला या दोन सुरांबरोबर १६०० हर्ट्झचा एक अगदी क्षीण सूरही मिळतो. तो कुणी वाजवलेला नसतो. २००० ची दुप्पट ४०००, त्यातून २४०० वजा केले की १६०० उरतात. ही वजाबाकी बाळाच्या आतल्या कानाने, कॉक्लियातल्या बाह्य केसपेशींनी केलेली असते. कान आवाज घेतो तसा सोडतोही, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिलं. तो क्षीण सूर मिळाला नाही तर डॉक्टर पुढच्या तपासण्या करतात.

ही तपासणी चालते कारण रेषीय यंत्रणेला नवा सूर निर्माणच करता येत नाही. रेषीय यंत्रणा एखादी वारंवारता मोठी करेल, लहान करेल, थोडी उशिरा सोडेल; पण जे आत गेलं तेवढंच बाहेर येईल. दोन सूर एकत्र दिले तर उत्तरही त्या दोघांच्या स्वतंत्र उत्तरांची नुसती बेरीज असेल. अरेषीय यंत्रणेत मात्र गुणाकार शिरतो. दोन कोसाइनांचा गुणाकार केला की एक बेरजेचा आणि एक वजाबाकीचा कोसाइन मिळतो, हे सूत्र अकरावीच्या त्रिकोणमितीत बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. लहरींच्या भाषेत ते असं होतं: दोन लहरी एकमेकींशी गुणल्या गेल्या की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजेची आणि फरकाची अशा दोन नव्या वारंवारता जन्माला येतात. गुणाकार तीन लहरींचा असेल तर ‘दोनदा पहिली वजा दुसरी’ अशाही जन्मतात. कानातला १६०० चा सूर या दुसऱ्या प्रकारचा.

कानाच्या तपासणीत एक मोठी सोय आहे. आत काय सोडलं ते आपल्याला ठाऊक असतं. समुद्रात, मेंदूत किंवा तापलेल्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, ही सोय नाही. तिथे हातात असते फक्त एक नोंद: वेळेनुसार वरखाली होणारी रेघ. त्या रेघेत शेकडो लहरी मिसळलेल्या असतात. त्यातल्या कोणत्या स्वतंत्रपणे आल्या आणि कोणत्या इतरांच्या संयोगातून जन्मल्या, हे नुसत्या नोंदीवरून ओळखायचं कसं?

नेहमीची हत्यारं कुठे कमी पडतात

दोन गोष्टींचा संबंध तपासायचा म्हटलं की पहिला हात सहसंबंध गुणांकाकडे जातो. पण तो फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. एक चल उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत जाऊ द्या आणि दुसरा त्याचा वर्ग असू द्या: ९, ४, १, ०, १, ४, ९. दुसरा पहिल्यावरून पूर्णपणे ठरतो, तरी सहसंबंध गुणांक बरोबर शून्य येतो. ‘सहसंबंध शून्य’ हे वाक्य वाचून ‘संबंध नाही’ असा निष्कर्ष काढणारे अहवाल आजही दिसतात, आणि मला ते फार धोक्याचं वाटतं.

सिग्नलच्या बाबतीत दुसरं नेहमीचं हत्यार म्हणजे पॉवर स्पेक्ट्रम. फूरिये रूपांतर करून नोंदीतल्या लहरी सुट्या करायच्या आणि प्रत्येक वारंवारतेत किती ऊर्जा आहे ते मांडायचं. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी फूरिये रूपांतराची झटपट पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे काम संगणकाला क्षणाचं झालं. पण पॉवर स्पेक्ट्रम फार उपयोगी असूनही आपल्या प्रश्नाबाबत मुका राहतो.

समजा किनाऱ्याजवळच्या पाण्याची नोंद घेतली आणि स्पेक्ट्रममध्ये दोन उंचवटे दिसले: एक ०.०७ हर्ट्झला, म्हणजे सुमारे १४ सेकंदांनी येणारी लाट, आणि दुसरा ०.१४ ला, म्हणजे सुमारे ७ सेकंदांनी येणारी. या दुसऱ्या लाटेबद्दल दोन शक्यता आहेत. जवळच्याच वाऱ्याने ती वेगळी उठवली असेल. किंवा १४ सेकंदांची लाट उथळ पाण्यात शिरल्यावर स्वतःशीच गुणली जाऊन तिच्यातून ही दुपटीची लाट निघाली असेल. दोन्ही वेळा स्पेक्ट्रम हुबेहूब सारखा दिसू शकतो, कारण तो काढताना आपण प्रत्येक लहरीची ऊर्जा ठेवतो आणि तिची फेज टाकून देतो. लहर तिच्या चक्रात कोणत्या टप्प्यावर आहे, माथ्यावर की खळग्यात की मधे, ते सांगणारा कोन म्हणजे फेज. लहरींमधल्या गुणाकाराची खूण नेमकी याच कोनात उमटलेली असते.

तीन फेजांचा हिशेब

वर सांगितलेल्या त्रिकोणमितीच्या सूत्रात वारंवारतांची बेरीज होते तशीच फेजांचीही होते. म्हणजे दोन लहरींच्या गुणाकारातून तिसरी निघाली असेल तर तिची फेज मनमानी असू शकत नाही. ती पहिल्या दोघींच्या फेजांच्या बेरजेशी बांधलेली असते. स्वतंत्रपणे आलेल्या लहरीवर असं कसलंच बंधन नसतं.

भिंतीवर तीन घड्याळं आहेत असं समजा. रोज सकाळी कुणीतरी पहिल्या दोन घड्याळांचे तासकाटे डोळे मिटून कुठेही फिरवतं. तिसऱ्या घड्याळाचा काटा मात्र रोज त्या दोन वेळांच्या बेरजेवर लावतं. बेरीज बारापुढे गेली तर बारा वजा करून. आता यातली कोणतीही दोन घड्याळं घेऊन वर्षभराच्या नोंदी ताडून पाहा. पहिलं आणि दुसरं: संबंध नाही. दुसरं आणि तिसरं: तरीही संबंध नाही. पहिलं आणि तिसरं: तेच. तिन्ही एकत्र पाहिली तरच नियम दिसतो, आणि तो एकाही दिवशी मोडलेला नसतो. म्हणूनच दोनदोनच्या जोड्या तपासणारी कुठलीही पद्धत, ती कितीही नाजूक असली तरी, या नात्यापर्यंत पोचत नाही. लहरी तीन-तीनच्या गटांनीच तपासाव्या लागतात.

हे काम बायस्पेक्ट्रम करतो. नोंदीचे सारख्या लांबीचे बरेच तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याचं फूरिये रूपांतर घ्यायचं. मग एक वारंवारता, दुसरी वारंवारता आणि त्या दोघींची बेरीज असं त्रिकूट निवडायचं आणि पहिल्या दोन फेजांच्या बेरजेतून तिसरी फेज वजा करायची. उरलेला कोन हा एक बाण समजा. बाणाची लांबी तिन्ही लहरींच्या उंचीवरून ठरते. प्रत्येक तुकड्यातून असा एक बाण मिळतो. शेवटी सगळ्या बाणांची सरासरी काढायची. नातं खरं असेल तर बाण एकाच दिशेला रोखलेले असतात आणि सरासरीही लांब येते. लहरी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर बाण सगळ्या दिशांना विखुरतात आणि एकमेकांना खोडून टाकतात.

नुसत्या बायस्पेक्ट्रमला एक अडचण आहे. लहरी मुळातच मोठ्या असतील तर तोही मोठा दिसतो, नातं कमजोर असलं तरी. म्हणून त्याला लहरींच्या उंचीने भागून ० ते १ च्या पट्टीवर आणतात. ही झाली बायकोहेरन्स. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या किम आणि पॉवर्स यांनी १९७९ मध्ये प्लाझ्मातल्या लहरींसाठी या पद्धतीची संगणकी मांडणी नीट लिहून काढली आणि तिला एक सुरेख अर्थ दिला: बायकोहेरन्सचा वर्ग ०.६ आला तर बेरजेच्या वारंवारतेवरच्या ऊर्जेतला सुमारे ६० टक्के भाग त्या दोन लहरींच्या गुणाकाराशी बांधलेला आहे, उरलेला दुसरीकडून आलेला आहे.

उथळ पाण्यातली लाट

कल्पना मात्र त्याआधीची. जॉन टुकी यांनी १९५३ च्या सुमारास ती मांडली आणि खऱ्या मोजमापांवर तिचा पहिला गाजलेला वापर १९६३ मध्ये समुद्राच्या लाटांवर झाला. लेखक तिघे होते: क्लाउस हासेलमान, वॉल्टर मंक आणि गॉर्डन मॅकडोनाल्ड. मंक हे दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या सैन्याला किनाऱ्यावर उतरताना लाटा केवढ्या असतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार करणाऱ्यांपैकी एक. हासेलमान यांना पुढे २०२१ मध्ये हवामानाच्या अभ्यासासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण माझ्या मते त्यांचं लाटांवरचं काम त्याच तोडीचं आहे आणि ते अधिक लोकांनी वाचायला हवं.

लाटच का निवडली, हे कोकणातल्या कुठल्याही उतरत्या वाळूच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समजतं. खोल पाण्यातली लाट गोलसर असते, वर जितकी जाते साधारण तितकीच खाली येते. तळ वर येऊ लागला की तिचा माथा टोकदार आणि खळगा लांब, पसरट होत जातो. अजून पुढे आली की ती किनाऱ्याच्या दिशेने झुकते, पुढची बाजू उभी आणि मागची उतरती, करवतीच्या दात्यासारखी. आणि मग फुटते. गोलसर आकार एका वारंवारतेने काढता येतो. टोकदार माथ्यासाठी मात्र तिच्याबरोबर दुप्पट, तिप्पट वारंवारतेच्या लहरी लागतात आणि त्या मूळ लहरीशी ठरलेल्या फेजनेच जुळाव्या लागतात. म्हणजे लाटेचा बदलणारा आकार हाच तीन फेजांच्या हिशेबाचा डोळ्यांना दिसणारा परिणाम आहे.

स्टीव्ह एल्गर आणि रॉबर्ट गुझा यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुमारे ९ मीटर खोलीपासून १ मीटरपर्यंत लाटांचा माग काढला आणि बायस्पेक्ट्रमने ही गोष्ट आकड्यांत उतरवली. वर ज्या सरासरी बाणाचा उल्लेख केला त्याच्या कोनाला बायफेज म्हणतात. खोल बाजूला, जिथे माथे नुसते टोकदार झालेले असतात, तिथे बायफेज शून्याजवळ असतो. लाट किनाऱ्याकडे सरकते तसा तो उणे ९० अंशांकडे वळत जातो, आणि लाट करवतीच्या दात्यासारखी पुढे झुकल्याची ती खूण असते. मला या निकालाचं फार अप्रूप वाटतं. तीन लहरींचं नातं आहे की नाही एवढंच बायस्पेक्ट्रम सांगत नाही. त्या नात्यामुळे लाटेला कोणता आकार आला, तेही एका कोनातून सांगतो. आणि हा आकार महत्त्वाचा आहे, कारण पुढे झुकलेल्या लाटांखालचं पाणी किनाऱ्याकडे झटक्याने जातं आणि हळू परततं. वाळू किनाऱ्याकडे ढकलली जाण्यात या असमान हालचालीचा मोठा वाटा असतो.

फरकाच्या वारंवारतेचाही इथे प्रत्यय येतो. १४ सेकंदांच्या आणि १३ सेकंदांच्या लाटा एकत्र चालल्या की लाटांचे थवे तयार होतात, आणि दोघींच्या फरकातून सुमारे तीन मिनिटांनी येणारी एक लांब, ठेंगणी लाट निघते. ती डोळ्यांना जाणवतही नाही, पण बंदरात शिरून नांगरलेली जहाजं हेलकावू शकते. स्पेक्ट्रममध्ये ती कमी वारंवारतेच्या कोपऱ्यातला एक साधा उंचवटा असते. ती थव्यांचीच मुलगी आहे की दुरून आलेली वेगळी लाट, याचं उत्तर बायस्पेक्ट्रमकडे असतं.

आता याच पद्धतीची मर्यादा. बायस्पेक्ट्रम दोन लहरींचा गुणाकार पकडतो. सुरुवातीला सांगितलेला कानातला १६०० हर्ट्झचा सूर तीन लहरींच्या गुणाकारातून येतो, म्हणून तो बायस्पेक्ट्रमच्या जाळ्यातून निसटतो. खोल समुद्रातल्या लाटांचंही तसंच. तिथे तीन लाटांमध्ये ऊर्जेची कायमची देवाणघेवाण जुळत नाही, चार लाटा लागतात. हा सिद्धांतही हासेलमान यांनीच १९६२ मध्ये मांडला होता. अशा नात्यांसाठी चार-चारचे गट तपासणारा ट्रायस्पेक्ट्रम लागतो आणि त्यासाठी नोंद कितीतरी मोठी हवी. म्हणून ‘बायकोहेरन्स शून्य, म्हणजे यंत्रणा रेषीय’ असं म्हणणं ही सहसंबंध गुणांकाचीच जुनी चूक एक पायरी वर जाऊन करणं होय.

आकडा आला, पण तो खरा आहे का?

इथपर्यंतची पद्धत गणिताची आहे. संख्याशास्त्राचं खरं काम पुढे आहे, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

पहिली गोष्ट तुकड्यांच्या संख्येची. नोंदीचा एकच तुकडा घेतला तर बायकोहेरन्स नेहमी बरोबर १ येते, सिग्नल कसाही असो. एकच बाण असेल तर सरासरीत खोडायला दुसरा बाणच नसतो. तुकडे वाढतात तसा योगायोगाने येणारा आकडा खाली उतरतो. तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतील आणि त्यांत काहीच नातं नसेल, तर बायकोहेरन्सचा वर्ग शंभरातल्या ९५ वेळा ३ भागिले तुकड्यांची संख्या याच्या खाली राहतो. १० तुकड्यांना ही सीमा ०.३ येते, १०० तुकड्यांना ०.०३.

हे लाटांच्या नोंदीला लावून पाहू. सेकंदाला २ मोजमापं आणि २५६ मोजमापांचा एक तुकडा, म्हणजे १२८ सेकंदांचा. २० मिनिटांच्या नोंदीतून असे फक्त ९ तुकडे मिळतात आणि सीमा ०.३३ वर राहते. खरं पण मध्यम नातं या सीमेखाली दबून जाईल. चार तास नोंद घेतली तर ११२ तुकडे मिळतात आणि सीमा ०.०२७ पर्यंत उतरते. पण चार तासांत भरती-ओहोटीने पाण्याची खोली बदललेली असते, आणि लाटांचं नातं तर खोलीवरच अवलंबून असतं. म्हणजे नोंद छोटी असेल तर योगायोग वेगळा काढता येत नाही आणि लांब असेल तर जे मोजायचं तेच बदलून जातं. याला सगळीकडे चालणारं एक उत्तर नाही. मोजणाऱ्याला आपला समुद्र, आपलं यंत्र किंवा आपला रुग्ण माहीत असावा लागतो. तुकडे एकमेकांवर चढवून संख्या वाढवता येते, पण असे तुकडे स्वतंत्र नसतात. सीमा काढताना त्यांना पूर्ण मोजलं तर आपणच आपल्याला फसवतो.

दुसरी गोष्ट: २५६ मोजमापांच्या तुकड्यातून तपासता येण्याजोगी त्रिकुटं सुमारे ४००० निघतात. प्रत्येकावर ५ टक्क्यांची सीमा लावली तर कसलंच नातं नसलेल्या सिग्नलमध्येही २०० च्या आसपास त्रिकुटं ‘सापडल्याची’ ग्वाही देतील. बायकोहेरन्सचा रंगीत नकाशा पाहताना त्यावरचे तुरळक लाल ठिपके हमखास नजर खेचतात. आधी ठरवलेल्या त्रिकुटापुरतीच चाचणी करावी, नाहीतर सीमा बरीच कडक करावी. आधी नकाशा बघून मग ठिपका निवडायचा आणि त्यालाच ५ टक्क्यांची कसोटी लावायची, हे मात्र करू नये.

बनावट सिग्नलची कसोटी

या सगळ्यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय १९९२ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या जेम्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडला. त्याला सरोगेट डेटा म्हणतात. मूळ नोंदीचं फूरिये रूपांतर घ्या. प्रत्येक लहरीची उंची आहे तशी ठेवा, पण सगळ्या फेज पुसून त्यांच्या जागी यादृच्छिक कोन भरा. मग उलट रूपांतर करून पुन्हा सिग्नल तयार करा. या बनावट सिग्नलचा पॉवर स्पेक्ट्रम मूळ सिग्नलसारखाच असतो, म्हणून त्याची सगळी रेषीय वैशिष्ट्यंही तीच राहतात. फेजांमधली नाती मात्र पूर्ण उधळलेली असतात.

असे १९ बनावट सिग्नल तयार करा आणि मूळ सिग्नलवर जी मोजणी केली तीच, तशीच, त्या सर्वांवर करा. मूळ सिग्नलचा आकडा वीसही आकड्यांत सर्वांत मोठा आला तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता विसात एक, म्हणजे ५ टक्के. इथे कुठलं सूत्र आठवावं लागत नाही. शिवाय प्रत्येक बनावट सिग्नलच्या नकाशातला सर्वांत मोठा ठिपका निवडून मूळ नकाशातल्या सर्वांत मोठ्या ठिपक्याशी ताडला, तर ४००० त्रिकुटांचा प्रश्नही आपोआप सुटतो.

पण ही कसोटी नेमकं काय तपासते ते लक्षात ठेवायला हवं. तिचं गृहीतक असं: सिग्नल एका रेषीय, गाउसियन आणि काळानुसार न बदलणाऱ्या प्रक्रियेतून आला आहे. कसोटीने ते फेटाळलं, तर यातलं काहीतरी एक मोडलं एवढंच कळतं. मोजमापं घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत नसतील, समजा पावसाच्या आकड्यांसारखी कधीच शून्याखाली जात नसतील, तर तेवढ्यानेही कसोटी हे गृहीतक फेटाळू शकते. त्यासाठी श्रायबर आणि श्मिट्झ यांनी १९९६ मध्ये सुधारित पद्धत दिली. तिच्यात बनावट सिग्नलचा स्पेक्ट्रम आणि मोजमापांचं वितरण हे दोन्ही, पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करत, मूळ सिग्नलशी जुळवून घेतात. काळानुसार बदलण्याचा प्रश्न तरीही उरतो. मेंदूच्या नोंदीत मधेच रुग्णाने डोळे मिचकावले, तरी कसोटी ‘अरेषीय’ असा कौल देईल.

त्याहून साधा सापळा मोजमापाच्या यंत्रात असतो. ॲम्प्लिफायरची मर्यादा ओलांडली की सिग्नलचे माथे सपाट कापले जातात. सपाट कापणं ही अरेषीय क्रियाच आहे, त्यामुळे निसर्गात काही नसलं तरी नोंदीत नातं उमटतं. बायकोहेरन्स काढण्याआधी कच्ची नोंद डोळ्यांनी पाहावी असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगेन.

मेंदूच्या अभ्यासात याहून सूक्ष्म गफलत झाली आहे. संथ लहरीच्या फेजनुसार जलद लहरींची ताकद कमीजास्त होते, असं अनेक नोंदींत दिसतं आणि त्यावरून मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा एकमेकींशी जुळलेल्या आहेत असा अर्थ लावला जातो. पण संथ लहरच टोकदार असेल तर तिच्या प्रत्येक टोकाशी उच्च वारंवारता असणारच. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या नोंदींवर २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, जिला दोन लहरींची जुळणी समजलं जात होतं तिचा संबंध बीटा नावाच्या मेंदूलहरींच्या टोकदारपणाशीच दिसून आला. सिग्नल अरेषीय होता यात शंका नाही. पण अरेषीय आकाराची एक लहर आणि एकमेकींशी बोलणाऱ्या दोन यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक बायस्पेक्ट्रम एकटा सांगू शकत नाही.

ऑपरेशन थिएटरपासून आकाशापर्यंत

ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर सर्वांत जास्त पोचली ती भूल देण्याच्या खोलीत. रुग्णाच्या कपाळावर इलेक्ट्रोडची पट्टी लावून मेंदूच्या लहरी मोजायच्या आणि ० ते १०० मधला एक आकडा पडद्यावर दाखवायचा, अशा बायस्पेक्ट्रल इंडेक्स यंत्राला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. १०० च्या जवळ म्हणजे जागा. शस्त्रक्रियेसाठी ४० ते ६० हा पट्टा योग्य मानतात. या आकड्यात बायस्पेक्ट्रमवर आधारित एक घटक असतो, त्याशिवाय साध्या स्पेक्ट्रमवरचा एक आणि मेंदूच्या लहरी किती वेळ जवळजवळ थांबतात ते मोजणारा आणखी एक. त्यांना कसं एकत्र करायचं ते सूत्र कंपनीच्या मालकीचं आहे.

शस्त्रक्रियेदरम्यान जाग येण्याचा धोका जास्त असलेल्या सुमारे २५०० रुग्णांवरच्या २००४ च्या चाचणीत, हे यंत्र वापरलेल्या गटात तसे २ रुग्ण निघाले आणि न वापरलेल्या गटात ११. २००८ मध्ये दुसऱ्या चाचणीत या यंत्राची तुलना श्वासातल्या भुलीच्या वायूचं प्रमाण पाहण्याशी केली, तेव्हा दोन्ही गटांत सारखेच, दोन-दोन रुग्ण आढळले. मला यातून एवढंच दिसतं की आकडा कितीही हुशार गणितातून आला असला तरी त्याची तुलना आधीपासून हाताशी असलेल्या चांगल्या साध्या पद्धतीशीच व्हायला हवी.

प्लाझ्माच्या अभ्यासकांना आणखी एक प्रश्न सतावत होता. टोकामॅक या अणुसंमीलनाच्या यंत्रातल्या तापलेल्या वायूत बारीक खळबळीच्या लहरी एकमेकींत मिसळून मोठे प्रवाह तयार करतात, आणि ते प्रवाह उलट त्या खळबळीलाच आवर घालतात. बायकोहेरन्स सांगते की तीन लहरी बांधलेल्या आहेत. ऊर्जा कुणी दिली आणि कुणी घेतली ते सांगत नाही. कारण त्या हिशेबात तिघींचं स्थान सारखंच असतं. दिशा हवी असेल तर एकाच जागची नोंद पुरत नाही. प्लाझ्मा जिथून जिकडे वाहतो त्या वाटेवरच्या दोन ठिकाणी मोजून मधल्या अंतरात काय बदललं ते पाहावं लागतं. रिट्झ आणि पॉवर्स यांनी १९८६ मध्ये त्यासाठीची पद्धत दिली.

आणि कधी कधी नातं न सापडणं हाच मोठा निकाल असतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण प्लँक उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात मोजलं. तापमानातल्या त्याच्या बारीक चढउतारांवरही हाच तीन-तीनचा हिशेब करतात, फक्त तो वेळेऐवजी आकाशावर मांडायचा. विश्व सुरुवातीला अतिवेगाने फुगलं असेल आणि तेही सर्वांत साध्या रीतीने, तर आरंभीचे हे चढउतार जवळजवळ पूर्ण गाउसियन असायला हवेत, म्हणजे बायस्पेक्ट्रम जवळजवळ शून्य. आकाशगंगांच्या गुरुत्वाने वाटेत वाकलेल्या प्रकाशामुळेही थोडा बायस्पेक्ट्रम तयार होतो. तो आधी वजा करावा लागला. त्यानंतर नात्याची ताकद सांगणारा आकडा आला उणे ०.९, अनिश्चितता अधिक-उणे ५.१. शून्य या पट्ट्यात आरामात बसतं. फुगण्याच्या ज्या सिद्धांतांना या आकड्याची मोठी किंमत हवी होती, ते एका फटक्यात मागे पडले.

फुगण्याची सर्वांत साधी कल्पना आणि तिचे काही प्रतिस्पर्धी यांच्यातला निवाडा करायचा तर ही अनिश्चितता १ च्या खाली आणावी लागेल. त्यासाठी लागणारी आणखी त्रिकुटं पार्श्वप्रारणात उरलेली नाहीत, म्हणून आता मोजणी दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगांच्या, मांडणीवर सुरू झाली आहे. नासाची स्फिअरेक्स दुर्बीण मार्च २०२५ मध्ये अवकाशात गेली; अवरक्त प्रकाशाच्या १०२ पट्ट्यांत संपूर्ण आकाश न्याहाळून कोट्यवधी दीर्घिकांची अंतरं काढणं आणि त्यांच्या मांडणीतून हाच आकडा मोजणं, हे तिचं एक मुख्य काम आहे.